मुलाला बॉक्सिंगला घालावं का? आणि सोबत मीही जावं का?

कोवळं_ऊन

नमस्कार मंडळी,

माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. गेलं वर्षभर शाळेतून आला की दप्तर टाकतो आणि खोलीचं दार लावून घेतो. वर्गातली दोन मुलं त्याला सतत त्रास द्यायची. शाळेत जाऊन, बोलून ते प्रकरण मिटवलं, पण तोवर हा मिटून बसला तो बसलाच. मागच्या आठवड्यात मित्राबरोबर तो आमच्या भागातला बॉक्सिंगचा वर्ग नुसता बघायला गेला होता. रात्री जेवताना आपणहून बोलायला लागला. दोरीवरच्या उड्या कशा मारतात, ठोसे मारायची टांगलेली बॅग झुलायला लागली तर काय करायचं, एक छोटी मुलगी किती भराभर हात चालवत होती. माझ्या हातातला घास तसाच राहिला. इतकं सलग बोलताना मी त्याला कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

वर्ग एका सार्वजनिक सभागृहात भरतो. आधी मुलांची बॅच, मग मोठ्यांची. शिकवणारे बरेचसे स्वयंसेवक आहेत. मी चौकशीला गेले तर तिथल्या सरांनी मलाच विचारलं, की मुलाला सोडायला येणारच आहात तर तासभर बाकावर बसून काय करणार, तुम्हीही या. मी ४३ वर्षांची. आयुष्यात कोणाला चापट मारलेली नाही.

जायचं मनात आहे आणि भीतीही आहे. डोक्याला मार बसण्याची भीती सगळ्यात मोठी. दुसरी अशी, की ज्या मुलाने इतका त्रास सोसलाय त्याला ठोसा मारायला शिकवलं तर तो ते कुठे वापरेल? ज्यांनी स्वतः हे केलंय किंवा ज्यांची मुलं जातात त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा. वर्ग चांगला की वाईट हे बाहेरच्या माणसाने ओळखायचं कसं, हेही सांगा.

उशिराचीगाडी

ताई, तुमच्यापुरतं उत्तर आधी देते: जा.

मी ५२व्या वर्षी सुरू केलं, आता ५५ पूर्ण होतील. पहिल्या दिवशी मला कोणी ठोसा मारायला लावलंच नाही. एका विशीतल्या मुलीने समोर बसून माझ्या हातांना रॅप्स बांधले. साडेचार मीटर लांबीची सुती पट्टी असते. आधी अंगठ्यात फास, मग मनगटाला तीन वेढे, मग बोटांच्या मुळाशी जी हाडं वर येतात त्यांच्यावरून, मग एकेका बोटाच्या फटीतून आणि शेवटी पुन्हा मनगटावर. बांधताना ती दर वेढ्याला म्हणत होती, बोटं पसरवून ठेवा काकू, नाहीतर मूठ वळल्यावर आवळेल. आई गेल्यानंतर माझे हात कोणी इतका वेळ हातात घेतले नव्हते. मला तिथेच भरून आलं.

त्यानंतर तीन मिनिटांचा एक राउंड, नुसता हवेत. तीन मिनिटं किती लांब असतात हे मला त्या दिवशी कळलं. दीड मिनिटात हात छातीपाशी उतरले. आज मी असे सहा राउंड करते. स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, कधी केलं नाही, करणारही नाही, आणि कोणी आग्रहही केलेला नाही.

गुडघे, पाठ यांचं काही असेल तर पहिल्याच दिवशी सांगून टाका. मला दोरीवरच्या उड्यांऐवजी जागच्या जागी पावलं टाकायला दिली होती.

सावधान

मी विरोधात लिहिणार आहे, राग मानू नये. प्रश्न मुलाचा आहे म्हणून स्पष्ट लिहितो.

अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ मध्ये एकत्र निवेदन काढून मुलांच्या आणि किशोरांच्या बॉक्सिंगला विरोध केला. डॉक्टरांनी मुलांना असे खेळ सुचवावेत ज्यांत डोक्यावर मारणं हा खेळाचा हेतूच नसतो, असं त्यात सांगितलं आहे. फुटबॉलमध्येही डोकी आपटतात, पण ती आपटू नयेत अशी सगळ्यांची इच्छा असते. इथे समोरच्याचं डोकं हेच निशाण आहे.

आणि हे काही नव्याने कळलेलं नाही. हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरने १९२८ मध्येच बॉक्सरांच्या मेंदूवर होणाऱ्या परिणामांबद्दल लिहून ठेवलंय. जीभ अडखळणं, चाल बिघडणं, विस्मरण. मुलाचा एकलकोंडेपणा घालवायला पोहणं आहे, धावणं आहे, गिर्यारोहण आहे. हाच खेळ कशाला?

मुक्कामपोस्ट

कारण तो याच खेळाबद्दल बोलला. माझ्या मते ताईंच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे.

सतरावंवर्ष

मी १७ वर्षांचा आहे. सातवीपासून वर्गाला जातो. मुलाच्या बाजूने कोणीतरी लिहावं म्हणून लिहितोय.

मला खूप राग यायचा. कोणी काही बोललं की कान तापायचे आणि पुढचं काही दिसायचंच नाही. आमच्या वर्गाचा नियम आहे की बाहेर कुठेही मारामारी केली तर महिनाभर ग्लोव्हजला हात लावायचा नाही. पण यायचं मात्र रोज. मी आठवीत असताना शाळेबाहेर एकाला मारलं. सरांना कळलं. ते ओरडले नाहीत. महिनाभर मी फरशी पुसली, लहान मुलांचे रॅप्स गुंडाळून ठेवले आणि राउंडची वेळ लावली. सगळे बॅगवर आणि मी हातात घड्याळ घेऊन. फार लाज वाटायची. पण तेव्हाच मी पहिल्यांदा बाहेरून बघितलं, की जो चिडतो त्याचे हात खाली येतात, श्वास कोंडतो आणि मग त्यालाच जास्त लागतं.

आता राग येतो तेव्हा मला आधी श्वास जाणवतो. एवढा एक फरक पडलाय आणि तो माझ्यासाठी खूप आहे. काकू, त्याला पाठवा.

जुनाकोपरा

मी नऊ वर्षं स्पर्धांमध्ये लढलो, त्यानंतर आजवर गेली १५ वर्षं संध्याकाळी मुलांना आणि मोठ्यांना शिकवतो, विनामोबदला. धागा पहिल्यापासून वाचला. सावधान यांचं म्हणणं मला नाकारता येत नाही आणि मला ते नाकारायचंही नाही. पण एक गोष्ट सुटी करून पाहू या. मुष्टियुद्ध शिकणं आणि डोक्यावर ठोसे खाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गात येणाऱ्या बहुतेकांना पहिली हवी असते आणि ती दुसरीशिवाय मिळू शकते. उभं कसं राहायचं, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर कसं न्यायचं, जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, सोडला की हात त्याच वाटेने हनुवटीपाशी परत कसा आणायचा, हे शिकण्यात पहिलं वर्ष सहज जातं. आरसा, दोरी, बॅग, शिकवणाऱ्याच्या हातातले पॅड्स. यात कुणाच्याही डोक्याला बोट लागत नाही.

माझं स्वतःचं एक सांगतो. मी १९ वर्षांचा होतो. सरावात एक उजवा हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा, कानाच्या वर बसला. पडलो नाही. कोपऱ्यातून सरांनी विचारलं, ठीक आहेस ना? मी हो म्हणालो. अजून दोन राउंड खेळलो. त्या दिवशी घरी कसा पोहोचलो ते मला आजही आठवत नाही. सकाळी सायकल दारात उभी होती, कुलूप लावलेली, म्हणजे मी ती चालवत आलो असणार, भर रहदारीतून. त्या सरांचं माझ्यावर प्रेम होतं, माया होती. पण त्यांनी चुकीच्या माणसाला विचारलं. डोक्याला लागलेल्या मुलाला ‘ठीक आहेस ना’ विचारून उपयोग नसतो. मुलं हो म्हणतात. सगळी मुलं हो म्हणतात.

म्हणून ताई, वर्ग ओळखायची माझी खूण एकच आहे. स्पारिंगच्या दिवशी जाऊन बसा आणि ‘थांब’ कोण म्हणतं, कधी म्हणतं ते बघा. एका मुलाचे हात उतरलेत, तो मागे मागे जातोय, ठोसे चुकवत नाहीये, नुसते घेतोय, अशा वेळी शिकवणारा आत जातो का? की बाहेरून ‘हात वर, हात वर’ ओरडत राहतो? जो आत जातो त्याच्याकडे मुलगा द्या.

बाकीचं विचारून कळतं. स्पारिंग किती महिन्यांनी सुरू होतं आणि कोणी ते करायचंच नाही म्हटलं तर त्याला वर्गात तितकाच वेळ मिळतो का? हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे, कारण काही ठिकाणी सरांचं सगळं लक्ष लढणाऱ्या तिघाचौघांवर असतं आणि उरलेली मुलं बॅग बडवून घरी जातात. जोड्या कशा लावतात? वजन, वय आणि अनुभव, तिन्ही बघायला हवं. ५० किलोचा तीन वर्षं शिकलेला मुलगा आणि ५० किलोचा तीन महिने शिकलेला मुलगा ही जोडी नव्हे. सरावाला १६ औंसाचे, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमचे ग्लोव्हज घालायला लावतात की स्पर्धेतले हलके? प्रथमोपचार येणारा माणूस हजर असतो का? पालकांना कधीही येऊन बसता येतं का? या शेवटच्याला ‘नाही’ असं उत्तर आलं तर पुढचं काही विचारूच नका. लहान मुलांच्या वर्गात कायम दोन मोठी माणसं असायला हवीत आणि दार उघडं असायला हवं.

आणि एक. वाढत्या वयाच्या मुलाला कोणी स्पर्धेच्या गटात बसवण्यासाठी पाणी तोडून, घाम काढून वजन उतरवायला सांगत असेल तर त्याच दिवशी मुलाला घरी आणा.

सावधान

जुनाकोपरा, तुमचा अनुभव वाचून सुन्न झालो. इतक्या स्पष्टपणे लिहिल्याबद्दल आभार. तरी एक विचारतो, हेडगार्ड घातल्यावर पुरेसं संरक्षण मिळतं असं बरेच वर्ग सांगतात. ते खरं आहे का?

जुनाकोपरा

नाही. हेडगार्डने भुवई फुटणं, कातडी फाटणं, कान सुजणं कमी होतं. मेंदू कवटीच्या आत हलतो, तो बाहेरच्या उशीने थांबत नाही. वरच्या पातळीवरच्या पुरुषांच्या हौशी स्पर्धांमधून २०१३ मध्ये हेडगार्ड काढला गेला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याशिवायच लढले. वर्गातल्या मुलांना मी तो घालायला लावतोच, पण त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना तो कशासाठी आहे आणि कशासाठी नाही ते सांगून. ‘हेडगार्ड आहे, काही होत नाही’ असं म्हणणाऱ्यापासून जपून राहा.

नाडी

मी डॉक्टर आहे, खेळाडूंच्या दुखापती रोज बघते. थोडी भर घालते.

मेंदूला धक्का बसण्यासाठी बेशुद्ध पडावं लागत नाही. बहुतेक जण पडतच नाहीत. डोकं जड होणं, मळमळ, उजेड किंवा आवाज नकोसा होणं, तोच तोच प्रश्न पुन्हा विचारणं, चेहरा कोरा दिसणं, उगाच रडू येणं. यातलं काहीही दिसलं, किंवा नुसती शंका आली, तरी त्या दिवशीचा खेळ संपला. ‘पाच मिनिटं बसून बघू’ हा प्रकार नाही. पहिले एक-दोन दिवस हलकीफुलकी हालचाल चालेल, पण मोबाइल-टीव्हीच्या पडद्यासमोर बसणं कमी. त्यानंतर पायरीपायरीने वाढवायचं, एका पायरीवर किमान एक पूर्ण दिवस, आणि मुलांच्या बाबतीत अभ्यास नीट जमू लागला की मगच खेळ. स्पारिंग सगळ्यात शेवटी आणि डॉक्टरांनी तपासल्यानंतरच. डोकेदुखी वाढत चालली, उलट्या थांबेनात, मूल उठवूनही जागं होईना, फिट आली, हातपाय लुळे वाटले, तर थेट रुग्णालय गाठा.

चष्म्याचा मायनस नंबर खूप मोठा असेल तर डोक्यावर मार बसणारा प्रकार टाळावा. अशा डोळ्यांत पडदा सुटण्याची शक्यता जास्त असते. हे पालक सांगायला विसरतात आणि शिकवणारे विचारायला विसरतात.

कोवळं_ऊन, तुमच्यासाठी: रक्तदाब तपासून घ्या, कंबर आणि खांदे नीट गरम केल्याशिवाय बॅगला हात लावू नका, आणि पहिले दोन महिने जोर लावून मारू नका. नवख्या मोठ्या माणसांची मनगटं आणि करंगळीच्या मुळाचं हाड, हीच माझ्याकडे येतात. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाच्या हाडांवर बसायला हवा. थकल्यावर मूठ तिरकी होते आणि सगळा भार करंगळीवर जातो.

मुक्कामपोस्ट

या खेळाचा इतिहास मला फार जवळचा आहे, म्हणून थोडं लिहितो. अशा वर्गांची परंपरा जुनी आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत लुईव्हिल शहरात १२ वर्षांच्या एका मुलाची सायकल चोरीला गेली. चोर सापडला तर बडवून काढीन, असं तो रागारागाने ज्या पोलिसाला सांगत होता तो जो मार्टिन तिथल्याच तळघरात मुलांना बॉक्सिंग शिकवायचा. आधी शिकून तरी घे, असं त्याने मुलाला सुचवलं. सहा वर्षांनी, १९६० मध्ये, त्या मुलाने रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलं. तोच पुढे मुहम्मद अली झाला.

अमेरिकेचीच क्लॅरेसा शील्ड्स फ्लिंट शहरातल्या एका सामुदायिक केंद्राच्या तळघरात ११व्या वर्षी शिकायला लागली आणि १७व्या वर्षी, २०१२ मध्ये, ऑलिंपिक सुवर्ण घेऊन आली. महिलांचं बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये आलं तेच मुळी त्या वर्षी. आपली मेरी कोम तेव्हा दोन मुलांची आई होती आणि कांस्यपदक घेऊन परतली.

पण पदकांपेक्षा मला रिओ दि जानेरोचं उदाहरण जास्त मोलाचं वाटतं. मारे नावाच्या झोपडवस्त्यांच्या भागात २००० मध्ये ल्यूक डाउडनी या माणसाने ‘लुता पेला पाझ’, म्हणजे शांततेसाठी लढा, या नावाने मुलांसाठी वर्ग सुरू केला. तिथली पोरं शस्त्रधारी टोळ्यांच्या तावडीत सापडत होती. बॉक्सिंग आणि इतर युद्धकला हे मुलांना आत ओढणारं दार, पण आत शिक्षण होतं, नोकरीसाठीची तयारी होती, बोलायला मोठं माणूस होतं.

सावधान

अलींना १९८४ मध्ये, ४२व्या वर्षी, पार्किन्सनचं निदान झालं. पुढची ३२ वर्षं त्यांनी तशी काढली. सायकलची गोष्ट सांगताना हीसुद्धा सांगायला हवी.

आणि बॉक्सिंगने मुलं आपोआप शांत होतात हेही मी मान्य करणार नाही. नॉर्वेत मुलग्यांचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात बॉक्सिंग, कुस्ती, वेटलिफ्टिंग, युद्धकला अशा ताकदीच्या खेळांत असलेल्या मुलांमध्ये खेळाबाहेरची दांडगाई वाढलेली दिसली होती.

मुक्कामपोस्ट

बरोबर आहे तुमचं. अलींबद्दल मी अर्धंच लिहिलं, ते पूर्ण केल्याबद्दल आभार.

जुनाकोपरा

नॉर्वेचा अभ्यास माहीत आहे. मी नव्याने शिकवायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगतो. बॅगमध्ये शांतता भरलेली नसते. शिकवणारी माणसं दांडगाई मिरवत असतील तर मुलं दांडगाई शिकतात, मग वर्ग कशाचा का असेना. वर सतरावंवर्षने जे लिहिलंय, महिनाभर घड्याळ हातात आणि तरी रोज यायचं, ते काम बॉक्सिंगने केलं नाही, त्याच्या सरांनी केलं. मुलाला हाकललं असतं तर तो पुन्हा शाळेबाहेर उभा राहिला असता. तसंच सोडून दिलं असतं तरी तेच झालं असतं.

शांतसंध्या

पार्किन्सनचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझ्या वडिलांना सहा वर्षांपूर्वी निदान झालं. ते आठवड्यातून दोनदा बॉक्सिंगला जातात. विनासंपर्क, म्हणजे कोणी कोणाला मारत नाही, फक्त बॅग आणि पॅड्स. याची सुरुवात अमेरिकेत इंडियानापोलिसला २००६ मध्ये झाली. स्कॉट न्यूमन नावाचे माजी सरकारी वकील स्वतः पार्किन्सनने आजारी होते, त्यांनी ‘रॉक स्टेडी बॉक्सिंग’ सुरू केलं.

बाबांचा आजार बरा होणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण त्यांची पावलं जमिनीला चिकटल्यासारखी व्हायची, दारात पाय अडकायचा. वर्गात सर ‘एक, एक-दोन, बाजूला’ असं मोठ्याने म्हणतात आणि बाबा प्रत्येक ठोशाबरोबर आकडा ओरडतात. आवाजही बारीक होत चालला होता त्यांचा, म्हणून ओरडायला लावतात. आता घरातही दारापाशी थबकले की स्वतःशीच ‘एक-दोन’ म्हणतात आणि पाऊल टाकतात. मी स्वयंपाकघरातून ते ऐकते आणि हातातलं काम थांबतं माझं.

सावधान

शांतसंध्या, वडिलांना नमस्कार सांगा. अशा वर्गाला माझा काडीचाही विरोध नाही.

कोवळं_ऊन

इतके मनापासून लिहिलेले प्रतिसाद! सगळे दोनदा वाचले. काही वहीत उतरवून घेतले आणि परवा ती वही घेऊनच वर्गात गेले.

आधी न सांगता स्पारिंगच्या दिवशी जाऊन बसले. सोळा-सतरा वर्षांच्या दोन मुली रिंगमध्ये होत्या. दुसऱ्या राउंडमध्ये त्यातली एक सारखी दोरांकडे जायला लागली. मला वाटलं आता ओरडतील हात वर म्हणून. सर काही न बोलता दोर उचलून आत गेले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला बाहेर आणून बसवलं. ती ‘मी ठीक आहे सर’ म्हणत होती. त्यांनी फक्त मान हलवली आणि पाणी दिलं. मला जुनाकोपरा यांची सायकल आठवली.

मग प्रश्न विचारले. स्पारिंग वर्षभर नाही, त्यानंतरही मूल आणि पालक दोघांनी हो म्हटलं तरच. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं स्पारिंग करतच नाहीत. हे ते सांगत होते तेव्हा त्यांच्या आवाजात कमीपणा नव्हता, ते मला आवडलं. आमचं घरात ठरलंय की १६ पूर्ण होईपर्यंत डोक्यावर मार असलेलं काही नाही आणि तेव्हाही पुन्हा बसून बोलायचं. सावधान, हा निर्णय तुमच्यामुळे झाला. मनापासून आभार.

सोमवारपासून दोघंही जातोय.

सावधान

माझ्या लिहिण्याचा उपयोग झाला याचं समाधान आहे. दोघांना शुभेच्छा. कसं चाललंय ते इथे लिहीत राहा, मी वाचत असेन.

उशिराचीगाडी

हात बांधलेले फोटो हवेत!

कोवळं_ऊन

सात आठवडे झाले. उशीर झाला लिहायला.

माझं आधी सांगते. तिसऱ्या आठवड्यात मी सोडणार होते. जॅब मारताना माझा श्वास कोंडायचा आणि राउंड संपेपर्यंत डोळ्यांपुढे काजवे. सरांनी मला ठोशागणिक नाकातून ‘स्स’ असा आवाज करायला लावला. सगळ्यांसमोर आवाज काढायची लाज वाटत होती, पण शेजारच्या बॅगवर माझा मुलगाच तो काढत होता, जोरात. मग काढला. त्या दिवशी पहिल्यांदा तीन मिनिटं पूर्ण झाली. बॅगवर ठोसा नीट बसला की एक वेगळाच आवाज येतो, आखूड आणि कोरडा. आतापर्यंत माझे मोजून पाच-सहा बसले असतील. प्रत्येक आठवतोय.

मुलगा. मधे एकदा तो दोन दिवस गेला नाही. पूर्वी त्रास देणाऱ्यांपैकी एक मुलगा वर्गात नाव घालायला आला होता. माझ्या पोटात गोळा आला. सरांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी त्या मुलाला नाही म्हटलं नाही, त्याला दुसऱ्या दिवसांची बॅच दिली आणि माझ्या मुलाला स्वतः फोन करून तसं कळवलं. तिसऱ्या दिवशी हा गेला. याहून बरा मार्ग होता का मला सांगता येणार नाही. त्या दुसऱ्या मुलालाही कुठेतरी जागा हवी आहे, हे मला कळतं, पण पचायला जड जातंय.

खोलीचं दार अजून बंद असतं. पण आतून दोरीचा आवाज येतो.

आणि खास जुनाकोपरा यांच्यासाठी. त्याने हा धागा पूर्ण वाचला. मी विचारूनच दाखवला. त्याचा एक प्रश्न आहे, तो म्हणतो तसाच लिहिते: ‘मी डावखुरा आहे. सर म्हणतात उजवा पाय पुढे ठेव. पण जोडीने पावलांचा सराव करताना माझा पाय दर वेळी समोरच्याच्या पायावर पडतो. काय चुकतंय?’

जुनाकोपरा

ताई, दोन्ही मुलांना जागा दिली, तुमच्या सरांना माझा नमस्कार.

आता उत्तर त्याला. बाळा, तुझं काही चुकत नाही. डावखुरा आणि उजवा समोरासमोर आले की दोघांचे पुढचे पाय एकाच रेषेत येतात, म्हणून ते एकमेकांत अडकतात. तू तुझा उजवा पाय त्याच्या डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूला टाक. एकदम मोठं पाऊल नको, वीतभर पुरे. बाहेर पाय पडला की तुझा डावा हात सरळ त्याच्या मधोमध येतो आणि तू त्याच्या उजव्या हातापासून लांब जातोस. पाय टाकताना आधी पुढचा, मग मागचा तेवढाच सरकव. दोन्ही पाय जवळ आले की तोल जातो. मागची टाच किंचित उचललेली ठेव.

घरी फरशीवर चिकटपट्टीने एक सरळ रेघ आखून घे. ती समोरच्याचा पाय समज. तिच्या बाहेर पाऊल, जॅब, पुन्हा जागेवर. तीन मिनिटं, मग एक मिनिट थांब, असे तीन राउंड. ठोशात जोर नको, फक्त पाय बघ. आठवडाभर एवढंच कर आणि मग मला इथे लिही. या वेळी स्वतः लिही.